मानवी सहभागींवरील संशोधनासाठी नैतिकता-प्रशिक्षण: नवख्या संशोधकांसाठी मार्गदर्शक

माणसांबरोबर किंवा माणसांच्या खाजगी माहितीवर संशोधन करायचे असेल, तर पहिली मुलाखत घेण्यापूर्वी, पहिली प्रश्नावली वाटण्यापूर्वी किंवा रक्ताचा पहिला नमुना घेण्यापूर्वी नैतिकता-प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र बहुतेक विद्यापीठे, रुग्णालये आणि निधी देणाऱ्या संस्था मागतात. नवा संशोधक सहसा अर्जाची मुदत तोंडावर आली की याकडे वळतो, एका रात्रीत मॉड्यूलांची, म्हणजे ऑनलाइन धड्यांची, पाने उलटतो, चाचणी उत्तीर्ण होतो आणि प्रमाणपत्र जोडून मोकळा होतो. पुढे नैतिकता समितीकडून, म्हणजे संशोधनाचे अर्ज तपासून मंजुरी देणाऱ्या संस्थेतील समितीकडून, आक्षेपांची यादी येते, तेव्हा त्यातले बरेच आक्षेप नेमक्या त्याच मॉड्यूलांत समजावून सांगितलेल्या गोष्टींविषयी असतात. म्हणून मुख्य सल्ला सुरुवातीलाच देतो: प्रशिक्षण घेताना स्वतःचा संशोधन-आराखडा आणि संमतीपत्राचा कच्चा मसुदा शेजारी उघडा ठेवावा आणि प्रत्येक प्रकरण वाचून झाले की त्यात लगेच दुरुस्ती करावी. असे केल्यास प्रशिक्षणाला थोडा जास्त वेळ लागतो, पण अर्जाचे निम्मे काम त्यातच उरकते.

पहिली पायरी: आपले काम यात मोडते का, ते पाहणे

निरनिराळ्या देशांच्या नियमांतील शब्दरचना वेगळी असली, तरी कसोटी साधारण सारखीच आहे. कामाचा हेतू सर्वसाधारण ज्ञानात भर घालण्याचा असेल, आणि त्यासाठी जिवंत व्यक्तींशी संपर्क साधून किंवा त्यांच्यावर काही प्रयोग करून माहिती मिळवली जात असेल, अथवा ज्यावरून व्यक्ती ओळखता येईल अशी खाजगी माहिती किंवा जैविक नमुने वापरले जात असतील, तर ते मानवी सहभागींवरील संशोधन ठरते. केवळ औषधांच्या चाचण्या यात येतात हा समज चुकीचा आहे. ऑनलाइन सर्वेक्षण, वर्गातील अध्यापन-पद्धतीचा प्रयोग, गटचर्चा, रुग्णालयातील जुन्या केसपेपरांचा अभ्यास, पदव्युत्तर प्रबंधासाठी घेतलेल्या मुलाखती, हे सगळे या कक्षेत येऊ शकते.

सीमारेषेवरची उदाहरणे अनेक असतात. एखाद्या विभागाने स्वतःच्या सेवेत सुधारणा करण्यासाठी अभिप्राय गोळा केले, तर ते संशोधन असेलच असे नाही. पण तेच अभिप्राय पुढे शोधनिबंधात वापरायचे असतील, तर प्रश्न उभा राहतो. अशा वेळी निर्णय आपण घ्यायचा नसतो. नैतिकता समितीच्या कार्यालयाला कामाचे स्वरूप थोडक्यात लेखी कळवावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे, कारण नियतकालिकाचे संपादक पुढे हेच विचारतात.

प्रशिक्षण कोणी घ्यायचे, हाही प्रश्न याच टप्प्यावर सोडवावा. प्रमुख संशोधकाने आणि मार्गदर्शकाने तर घ्यायचेच, पण सहभागींशी बोलणारा, त्यांची संमती घेणारा किंवा त्यांची ओळख उघड करणारी माहिती हाताळणारा प्रत्येक जण यात धरला जातो. क्षेत्रकार्यातले मुलाखतकार, ध्वनिमुद्रणावरून लिखित प्रत तयार करणारे मदतनीस आणि नावांसहित डेटा पाहणारे संख्याशास्त्रज्ञ यांची नावे अर्जात हमखास राहून जातात.

दुसरी पायरी: योग्य अभ्यासक्रम निवडणे

येथे होणारा गोंधळ टाळता येण्याजोगा असतो, कारण सारख्या नावांचे तीन वेगळे अभ्यासक्रम अनेकदा एकाच संकेतस्थळावर असतात. पहिला मानवी सहभागींच्या संरक्षणाचा, आणि समिती तोच मागते. दुसरा संशोधनातील जबाबदार वर्तनाचा, ज्यात वाङ्मयचौर्य, डेटातील फेरफार, लेखकत्वाचे श्रेय असे विषय येतात. तो उपयुक्त असला तरी पहिल्याला पर्याय म्हणून चालत नाही. तिसरा ‘गुड क्लिनिकल प्रॅक्टिस’चा, म्हणजे बोलण्यातल्या जीसीपीचा, ज्यात क्लिनिकल चाचण्या (माणसांवर औषध किंवा उपचार तपासून पाहणे) नीट कशा चालवायच्या हे येते, आणि तो अशा चाचण्यांत काम करणाऱ्यांना पहिल्याच्या जोडीला करावा लागतो. जीसीपीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका जानेवारी २०२५ मध्ये तिसऱ्यांदा सुधारली गेली आहे. म्हणून अभ्यासक्रम २०१६ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे की नव्या, हे नोंदणीपूर्वी तपासावे.

मानवी सहभागींच्या अभ्यासक्रमातही साधारणपणे दोन शाखा असतात, एक जैववैद्यकीय संशोधकांसाठी आणि दुसरी सामाजिक, वर्तनविषयक व शैक्षणिक संशोधकांसाठी. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने जैववैद्यकीय शाखा निवडली, तर त्याला औषधांच्या दुष्परिणामांची नोंद कशी करायची हे सविस्तर वाचावे लागते आणि गटचर्चेतील गोपनीयतेविषयी मात्र फारसे काही मिळत नाही.

कोणता अभ्यासक्रम ग्राह्य धरला जाईल, हे संस्था, निधी देणारी यंत्रणा आणि देशाचे नियम मिळून ठरवतात. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेने आपल्या निधीवरील मानवी संशोधनात प्रमुख जबाबदारी असलेल्या व्यक्तींना ऑक्टोबर २००० पासून असे शिक्षण आवश्यक केले, आणि जानेवारी २०१७ पासून क्लिनिकल चाचण्यांतील संशोधक व कर्मचाऱ्यांनी जीसीपी प्रशिक्षण घेऊन किमान दर तीन वर्षांनी ते ताजे करावे, अशी अपेक्षा ठेवली. अनेक देशांतील विद्यापीठे सीआयटीआय प्रोग्रॅम या ऑनलाइन प्रशिक्षण-सेवेचे सशुल्क अभ्यासक्रम वापरतात. त्याचे शुल्क बहुधा संस्था भरते. कॅनडात टीसीपीएस २ या राष्ट्रीय धोरणावर आधारित ‘कोअर’ हा ऑनलाइन पाठ विनामूल्य उपलब्ध आहे. भारतात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आणि औषधचाचण्यांसाठी २०१९ चे नियम हे मूळ दस्तऐवज आहेत. दोन संस्थांचा संयुक्त प्रकल्प असेल, तर एका संस्थेचे प्रमाणपत्र दुसरीला चालेल असे गृहीत धरू नये.

नोंदणी करताना आपली संस्था यादीतून अचूक निवडावी, कारण कोणती मॉड्यूले सक्तीची दिसतील हे त्यावर ठरते. व्यक्तिशः नोंदणी केली, तर संस्थेने आधीच भरलेले शुल्क स्वतःच्या खिशातून जाऊ शकते, शिवाय निकालही संस्थेकडे पोचत नाही. नाव अर्जावर जसे लिहिणार आहात, तसेच येथे लिहावे.

तिसरी पायरी: इतिहासाचे प्रकरण वाचताना

हे प्रकरण अनेक जण वगळतात. तारखा पाठ करण्याच्या दृष्टीने पाहिले, तर त्यात फारसे नुकसानही नाही. महत्त्वाचे आहे ते प्रत्येक नियमामागचे कारण. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास केला. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचे खरे नाव सांगितले गेले नाही, आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा प्रमाणित उपचार झाल्यावरही तो त्यांच्यापासून दूर ठेवला गेला. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून हे उघड झाले, १९७४ मध्ये अमेरिकेत संशोधनविषयक कायदा झाला आणि त्यातून नेमलेल्या आयोगाचा बेलमाँट अहवाल १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यक्तीचा आदर, हितकारकता आणि न्याय ही त्या अहवालातील तीन तत्त्वे आजच्या बहुतेक अभ्यासक्रमांचा कणा आहेत. त्याआधीचे दोन टप्पे म्हणजे नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून १९४७ मध्ये आलेली न्यूरेंबर्ग संहिता, जिच्या दहा कलमांपैकी पहिलेच स्वेच्छेने दिलेल्या संमतीविषयी आहे, आणि जागतिक वैद्यकीय संघटनेची १९६४ ची हेलसिंकी घोषणा, जी ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा सुधारली गेली.

सामाजिक शास्त्रांतील संशोधकाला टस्कीगी दूरचे वाटू शकते. त्याने हवासुपाई जमातीचे प्रकरण लक्षपूर्वक वाचावे. अमेरिकेतील या छोट्या जमातीच्या लोकांनी १९९० च्या दशकात रक्ताचे नमुने दिले ते आपल्यातील मधुमेहाचा छडा लागावा म्हणून, पण पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया आणि जमातीच्या पूर्वजांचे स्थलांतर अशा विषयांवरील अभ्यासांत वापरले गेले. न्यायालयीन वादानंतर २०१० मध्ये तडजोड झाली आणि उरलेले नमुने जमातीला परत मिळाले. येथे कोणाच्या शरीराला इजा झालेली नव्हती. तरीही नमुने ज्या कामासाठी दिले त्याखेरीज इतर कामांसाठी वापरले गेले, आणि लोकांच्या मनातील स्वतःच्या उगमाच्या श्रद्धेला धक्का देणारे निष्कर्ष त्यांच्याच रक्तातून काढले गेले, ही हानी खरीच होती. आपल्या आराखड्यात ‘हा डेटा भविष्यातील संशोधनासाठी वापरला जाऊ शकतो’ असे वाक्य असेल, तर ते येथे थांबून पुन्हा वाचावे.

चौथी पायरी: संमतीचे प्रकरण

संपूर्ण प्रशिक्षणात सर्वाधिक वेळ कशावर घालवावा असे कोणी विचारले, तर माझे उत्तर हेच प्रकरण असेल. समित्यांचे आक्षेप येथेच सर्वाधिक येतात, आणि संशोधकाची लेखणीही येथेच सर्वाधिक अडखळते. जाणतेपणी दिलेल्या संमतीचे तीन घटक प्रत्येक अभ्यासक्रम सांगतो: पुरेशी माहिती, तिचे आकलन आणि स्वेच्छा. पैकी पहिला कागदावर भागवता येतो, उरलेले दोन येत नाहीत.

आकलनाचे उदाहरण पाहू. एका कल्पित अभ्यासाच्या माहितीपत्रकातले हे वाक्य असे लिहिलेले आहे: ‘प्रस्तुत अध्ययनाचे उद्दिष्ट निद्रागुणवत्ता व स्मृतिक्षमता यांतील सहसंबंधाचे परिमाणन करणे हे असून सहभागींकडून दोन टप्प्यांत माहिती-संकलन अपेक्षित आहे.’ वाक्यात खोटे काही नाही, पण ते वाचून सहभागीला आपण नक्की काय करायचे आहे हे कळत नाही. तेच असे लिहिता येते: ‘झोप नीट झाली नाही, तर गोष्टी लक्षात ठेवण्यावर काय परिणाम होतो, हे आम्ही शोधत आहोत. त्यासाठी आम्ही तुम्हाला दोनदा भेटू. प्रत्येक भेटीत साधारण पाऊण तास प्रश्न विचारू. मनगटावर बांधायचे एक छोटे यंत्र सात दिवस तुमच्याकडे राहील. ते झोपतानाही काढायचे नाही.’ मजकूर लांबला, तरी दुसऱ्या मसुद्यावर विचार करून कोणी नकार देऊ शकतो, आणि नकार देता येण्याइतके कळणे हीच येथील कसोटी आहे. अमेरिकेच्या कॉमन रूल या मानवी संशोधनविषयक नियमावलीत २०१७ मध्ये केलेल्या आणि २०१९ पासून लागू झालेल्या सुधारणांनुसार निर्णयासाठी सर्वांत आवश्यक माहिती संमतीपत्राच्या सुरुवातीलाच, थोडक्यात द्यावी लागते. हा नियम आपल्याला लागू नसला, तरी सवय म्हणून पाळण्यासारखा आहे.

आकलन तपासण्याचा साधा मार्ग म्हणजे माहिती दिल्यावर ‘समजले का?’ असे न विचारता ‘तुम्हाला यात काय काय करावे लागेल, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?’ असे विचारणे. पहिल्या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक जण हो म्हणतो.

स्वेच्छेचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण दडपण अनेकदा संशोधकाला दिसतच नाही. शिक्षकाने स्वतःच्या विद्यार्थ्यांना, उपचार करणाऱ्या डॉक्टरने आपल्याच रुग्णांना किंवा व्यवस्थापकाने हाताखालच्या कर्मचाऱ्यांना सहभागी होण्याविषयी विचारले, तर ‘नाही म्हटले तरी चालेल’ हे छापील वाक्य पुरेसे ठरत नाही. संमती तिसऱ्या व्यक्तीने घ्यावी, आणि कोण सहभागी झाले हे गुण दिले जाईपर्यंत किंवा उपचार पूर्ण होईपर्यंत संशोधकाला कळू नये, अशी व्यवस्था आराखड्यातच लिहावी. मानधनाचेही तसेच आहे. ते वेळ आणि प्रवास यांची भरपाई म्हणून द्यावे, त्याच्या मोहाने कोणी धोका नजरेआड करील इतके ते नसावे, आणि संशोधनाच्या ‘फायद्यां’च्या यादीत ते कधीही मोजू नये.

मसुद्यातील आणखी दोन वाक्ये या प्रकरणाच्या उजेडात हमखास बदलावी लागतात. एक म्हणजे ‘तुम्ही केव्हाही माघार घेऊ शकता’. माघार घेतल्यावर आधी दिलेल्या माहितीचे काय होईल, हे त्यात येत नाही. नावे काढून टाकून डेटा एकत्र केल्यावर एखाद्याची नोंद शोधून वगळणे शक्य नसते, त्यामुळे कोणत्या टप्प्यापर्यंत माहिती काढून घेता येईल हे स्पष्ट सांगावे. दुसरे वाक्य ‘तुमची माहिती पूर्णपणे गुप्त राहील’ हे. गटचर्चेत सहभागींची तोंडे संशोधक बंद करू शकत नाही, आणि बालकांवरील अत्याचारासारख्या काही बाबी उघड झाल्यास अनेक ठिकाणी कायद्याने कळवाव्याच लागतात. जे पाळता येणार नाही, त्याचे वचन देऊ नये.

मुले, कैदी, गंभीर आजारी व्यक्ती, निर्णयक्षमता कमी झालेल्या व्यक्ती अशा गटांसाठी स्वतंत्र मॉड्यूले असतात. आपल्या अभ्यासात ते गट असतील, तर ती ऐच्छिक असली तरी करावीत. मुलांच्या बाबतीत पालकांची परवानगी आणि मुलाचा स्वतःचा होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी सर्वांनी लक्षात ठेवावे.

पाचवी पायरी: जोखीम आणि गोपनीयता

जोखमीच्या प्रकरणातील मध्यवर्ती कल्पना ‘किमान जोखीम’ ही आहे, म्हणजे दैनंदिन जीवनात किंवा नेहमीच्या शारीरिक वा मानसिक तपासणीत होऊ शकणाऱ्या त्रासाहून अधिक नसलेली जोखीम. अर्ज समितीच्या पूर्ण बैठकीत जाणार, की सदस्यांकडून जलद तपासला जाणार, की सवलतीच्या वर्गात, म्हणजे नेहमीच्या तपासणीतून सूट असलेल्या वर्गात, बसणार, हे बऱ्याच अंशी यावर ठरते. प्रश्नावलीत सुई टोचली जात नाही म्हणून जोखीम शून्य आहे, असे लिहू नये. अपत्यवियोग, कर्ज किंवा हिंसा यांविषयीचा प्रश्न एखाद्याला हादरवू शकतो, आणि त्या वेळी मुलाखतकाराने काय करायचे, कोणाकडे पाठवायचे, हे समितीला वाचायचे असते.

गोपनीयतेबाबत नवखा संशोधक नावे काढली की डेटा निनावी झाला असे समजतो. अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवर आधारित एका प्रसिद्ध विश्लेषणानुसार पोस्टाचा पाच अंकी पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून तेथील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवाद्वितीय ठरण्याची शक्यता होती. मुलाखतींवर आधारित कामात तर हे अधिकच सोपे होते. ‘सहभागी क्रमांक सात, वय ४२, अतिदक्षता विभागात रात्रपाळी करणारा परिचारक’ असे प्रबंधात छापले आणि त्या विभागात रात्रपाळीला एकच पुरुष परिचारक असेल, तर त्याच्या वरिष्ठांना नावाची गरज उरत नाही. त्याने वरिष्ठांविषयी काय म्हटले, ते पुढच्याच ओळीत छापलेले असते. अशा ठिकाणी वयाऐवजी वयोगट आणि विभागाऐवजी नुसते ‘रुग्णालयातील कर्मचारी’ लिहावे, आणि तरीही ओळख पटत असेल, तर अवतरण सोडून द्यावे.

सांकेतिक क्रमांक दिलेला डेटा निनावी नसतो, कारण क्रमांक आणि नाव जोडणारी यादी कोठेतरी असते. ती यादी वेगळ्या ठिकाणी, पासवर्डने सुरक्षित ठेवावी, ती कोणाला पाहता येईल आणि केव्हा नष्ट होईल हे लिहावे. ध्वनिमुद्रण मोबाइलवर करणार असाल, तर फोनमधील फाइली आपोआप क्लाउडवर जातात का, हे तपासूनच गोपनीयतेचा परिच्छेद लिहावा.

सहावी पायरी: चाचणी आणि प्रमाणपत्र

प्रत्येक मॉड्यूलनंतर छोटी चाचणी असते आणि उत्तीर्ण होण्याची पातळी संस्था ठरवते. ८० टक्के ही बऱ्याच ठिकाणी आढळणारी मर्यादा आहे. प्रश्न बहुधा प्रसंगावर आधारित असतात, आणि पुन्हा प्रयत्न करण्याची सोय सहसा असते. उत्तर दिल्यानंतर दिसणारे स्पष्टीकरण बरोबर उत्तरांसाठीही वाचावे. दुसऱ्याची उत्तरे वापरणे किंवा दुसऱ्याकडून चाचणी सोडवून घेणे हे नैतिकतेच्या प्रशिक्षणात तरी कोणी करू नये, असे लिहावे लागते याची मला खंत आहे. काम एका बैठकीत उरकण्याची गरज नसते, कारण प्रगती बहुतेक संकेतस्थळांवर जतन होते.

पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र आणि मॉड्यूलनिहाय अहवाल अशा दोन्ही फाइली उतरवून घ्याव्यात, कारण काही समित्यांना फक्त प्रमाणपत्र पुरत नाही. फाइलच्या नावात आपले नाव, अभ्यासक्रम आणि समाप्तीची तारीख घालावी. मुदत अनेक संस्थांत तीन वर्षांची असते, पण ती अभ्यासक्रमाची नसून संस्थेची अट असते, म्हणून आपल्या संस्थेचा नियम पाहून तारखेची नोंद करावी. मुदत संपत आली, तर संक्षिप्त उजळणी अभ्यासक्रम चालतो. मुदत उलटून गेल्यावर काही ठिकाणी पूर्ण अभ्यासक्रम पुन्हा करावा लागतो.

सातवी पायरी: प्रमाणपत्रानंतर

प्रमाणपत्र म्हणजे परवानगी नव्हे. समितीचे मंजुरीपत्र हातात येईपर्यंत सहभागींची भरती, अगदी जाहिरात लावणेसुद्धा, सुरू करू नये. समितीने बदल सुचवले असतील, तर सुधारित आणि शिक्का असलेली संमतीपत्राची प्रतच वापरावी, संगणकात पडून असलेली जुनी नव्हे.

क्षेत्रकार्यातील सहकाऱ्यांना इंग्रजी अभ्यासक्रम झेपत नसेल, तर त्यांचे नाव यादीतून गाळणे हा उपाय नाही. अनेक समित्या त्यांच्या भाषेत प्रत्यक्ष घेतलेले प्रशिक्षण मान्य करतात. मात्र त्याआधी समितीला विचारावे आणि तारीख, शिकवलेले विषय, शिकवणाऱ्याचे नाव आणि उपस्थितांच्या सह्या यांची नोंद ठेवावी. अशा प्रशिक्षणात व्याख्यानापेक्षा सराव उपयोगी पडतो. एकाने मुलाखतकार व्हावे, दुसऱ्याने मध्येच ‘मला आता पुढे बोलायचे नाही’ म्हणणारा सहभागी व्हावे, आणि मुलाखतकार वही मिटतो की ‘अजून दोनच प्रश्न राहिले आहेत’ म्हणतो, ते पाहावे.

प्रकल्प चालू असताना नवा सदस्य आला, तर त्याचे प्रमाणपत्र जोडून दुरुस्तीचा अर्ज करावा आणि तो मंजूर होईपर्यंत त्याला सहभागींपासून व नावे असलेल्या फाइलींपासून दूर ठेवावे. एखाद्या जुन्या सदस्याची मुदत मध्येच संपल्याचे लक्षात आले, तर त्याचे सहभागींशी संबंधित काम त्याच दिवशी थांबवावे, उजळणी करून घ्यावी, आणि मुदत संपल्यानंतरच्या काळात त्याने कोणत्या सहभागींची संमती घेतली होती त्यांची यादी करून समितीला स्वतःहून कळवावे.